ओला हात आणि कोबाल्टची बाटली

आमच्या कॉलेजात रसायनांच्या खोलीत शिरायचं असेल तर आधी रामटेके सरांना हात दाखवावे लागतात. दोन्ही. आधी तळवे, मग पालथे. "कोरडे आहेत? कुठं कापलं-खरचटलं?" असं विचारून सर वाकून पाहतात आणि ओलसर दिसले की रुमाल पुढे करतात. शर्टाच्या खिशात इतर मास्तर पेन ठेवतात, तिथे यांची कॅल्शियमच्या मलमाची ट्यूब. मुलं तिला टूथपेस्ट समजतात. मीही तिथे रसायनशास्त्रच शिकवते, पण मला सूट नाही. विद्यार्थ्यांसमोर पहिलीतल्या पोरीसारखे हात पसरायचे! रोज संताप येतो.

सर मूळचे अड्याळचे, तुमसरला भाड्याच्या घरात एकटेच राहतात. कोबाल्ट, मँगनीज असल्या धातूंच्या फ्लोराइडवर त्यांनी संशोधन केलं. तेव्हापासून दुसरा विषय नाही. चहावाल्यालाही सोडत नाहीत.

"कोबाल्ट ट्रायफ्लोराइड पाहिलं का कधी? तपकिरी भुकटी, गरीब बिचारी दिसते. पाण्याचा थेंब भेटू द्या, हायड्रोफ्लोरिक ॲसिड सोडते. ते काच खाते. कातडीले लागलं तर लगेच दुखतही नाही. आतल्या आत हाडापर्यंत जाते, म्हणून तर हे कॅल्शियमचं मलम खिशात."

चहावाला म्हणतो, "सर, साखर टाकू का?"

यंदा पावसाळ्यात तपासणी समिती येणार म्हणून जुनी कपाटं उघडली. मागच्या फळीवर त्याच ट्रायफ्लोराइडची बाटली निघाली, कोण्या निवृत्त प्राध्यापकानं तशीच ठेवून दिलेली. आणि ती काचेची! झाकण सैल, हवा दमट, काच आतून दुधाळ झालेली. सर ती पाहून तडक स्टाफरूमकडे धावले.

मी तास संपवून जेवायला आले तर टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर माझं वर्षभराचं आंब्याचं लोणचं ओतलेलं. जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बरणी गायब! सरांनी ती साबणानं धुऊन, गरम हवेत खडखडीत वाळवून, सुटलेलं ॲसिड शोषायला खडूची भुकटी भरून तिच्यात ती बाटली बसवली होती.

"माझं लोणचं!" मी ओरडले.

"मॅडम, लोणचं पुन्हा घालता येते. बोट कुठून आणता?"

मी आठवडाभर बोलले नाही. पण खरा संताप पुढेच होता.

प्राचार्य म्हणाले, "सर, समितीले काय बरणी दाखवायची? नळाखाली धरा, होऊन जाते."

"नळाचं पाणी मागच्या तलावात जाते. ढिवरांची मासेमारी आहे तिथं. आणि धुणारा माशांच्या आधीच जाईन."

"काहून एवढं भेता जी? आतापर्यंत काही झालं का?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. खुर्ची उचलून बरणी ठेवलेल्या कपाटासमोर नेली, तिथेच पेपर तपासू लागले. तासाला जाण्यापुरतेच उठत, आणि तेव्हाही कपाटाची किल्ली खिशात. समिती आली, बरणीकडे न पाहता नाश्ता करून गेली. सर मात्र घातक कचरा नेणाऱ्यांना फोन करत राहिले. अखेर नागपूरहून गाडी आली. उतरलेल्या माणसांनी तोंडावर मास्क चढवले, कोपरापर्यंत हातमोजे घातले आणि बरणी तान्ह्या लेकरासारखी उचलली. तेवढा वेळ कॉलेजात कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. "सर, चहात फ्लोराइड तर नाही ना?"

माझा पारा चढला. मी सरांना खोलीत गाठलं. "एकदा सांगून टाका यांना. कोणाचं बोट गेलं होतं? कोणाचा हात जळला? त्याशिवाय का माणूस असा वागतो?"

सर ट्यूबचं झाकण घट्ट करत म्हणाले, "कोणाचंच नाही गेलं, मॅडम. इतकी वर्षं झाली, एकाही पोराले साधा फोड आला नाही." ट्यूब खिशात ठेवत म्हणाले, "म्हणूनच हासून राहिले ना सगळे."

 

दिवाळीनंतर सरांनी माझ्यापुढे नवी बरणी ठेवली. लिंबाचं लोणचं. वर बाटल्यांवर लावतात तशी चिठ्ठी: 'ओला हात लावू नये.'

"मीच घातलं. एकट्याले कायले लागते, म्हणून घालतच नव्हतो कधी."

चिठ्ठी वाचून स्टाफरूम खो खो हसली. मला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. माझ्या आईनं जन्मभर हेच सांगितलं, तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

प्राचार्य नुकतेच बेसिनवरून आले होते. बोटांवरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी बरणीकडे हात नेला.

मी बरणी मागे ओढली.

"हात दाखवा," मी म्हणाले.

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी तळवे पुढे केले, आधी सरळ, मग पालथे. कोपऱ्यात डबा उघडून बसलेल्या रामटेके सरांचा घास हातातच राहिला. मग ते उठले आणि खिशातला रुमाल त्यांनी माझ्या हातात दिला.