मागचं दार उघडंच होतं

हरण्याचा प्रश्नच नव्हता! गॅस बंद केलाय ना, हे बघायला जी बाई अर्ध्या जिन्यावरून परत वर येते, तिला खेळातल्या धुक्यातून बेसावध कोण गाठणार?

उद्या बाळाची लस होती. टोचताना त्याला मांडीवर धरून कोण बसणार, हे लढाईच्या खेळावर ठरणार होतं. जो हरेल तो. मागच्या वेळी नवरा सासूबाईंबरोबर गेला होता. "अगदी सहज झालं!" म्हणाला होता. मी मात्र सुई नुसती आठवली तरी डोळे मिटून घेते.

तो ऑफिसातून फोनवर, मी घरून टॅबवर. एक चाल त्याची, एक माझी. नकाशा सगळा काळ्या धुक्यात. आपला माणूस जिथे उभा, तेवढंच दिसतं. म्हणून आधी टेहळणीचे स्वार सोडायचे. मी तर चहूकडे सोडले!

सासूबाई शेजारी दुपट्यांच्या घड्या घालत होत्या.

"अगं, हे एवढं काळं काय?"

"धुकं आहे, आई. त्याचं सैन्य त्यात लपलंय."

"आणि तुझं?"

"त्यालाही माझं दिसत नाही!"

"अगंबाई!" म्हणत त्या चष्मा लावून जवळ सरकल्या. मला भरून आलं. सुनेच्या खेळात एवढा रस!

तेवढ्यात पूर्वेच्या खिंडीत माझ्या स्वाराला शत्रूचे भाले दिसले. त्यात बाळ चुळबुळलं. मी एका पायाने पाळणा हलवला आणि एका बोटाने सगळी फौज पूर्वेला काढली. राजधानीत उरला एकटा भालेकरी.

"मग मागचं दार उघडंच की गं!"

"पश्चिमेचा घाट? तिकडून कोण येतंय! त्याला कुठे माहितीये!"

"तेही खरंच. त्याला कोण सांगणार!" म्हणत त्या फोन घेऊन गॅलरीत गेल्या. घरात रेंज येत नाही म्हणे.

नवऱ्याची चाल येईना. मग आली, पण काहीच घडलं नाही. मी एक स्वार उत्तरेला पिटाळला. नुसती झाडं. दुसरा दक्षिणेला. नुसती मेंढरं! ही शांतता मला ओळखीची होती. बाळ आतल्या खोलीत गप्प बसलं की हमखास काहीतरी सांडतं.

सांडलंच! कपाट उघडल्यावर कोंबलेले कपडे अंगावर यावेत, तसं पश्चिमेच्या धुक्यातून घोडदळ बाहेर पडलं! राजधानी पडली, मी किंचाळले, बाळ उठलं.

संध्याकाळी नवरा बूट काढता काढताच म्हणाला, "आई, मागचं दार म्हणजे पश्चिमेचा घाट, हे मला आधी कळेचना!"

सासूबाईंनी दुपट्याची घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

"आई! तुम्ही?"

"मग काय करू? मागच्या वेळी हा सुई बघून तिथेच आडवा झाला! एका हातात बाळ, एका हातात हा!"

"पण हा तर म्हणाला, सहज झालं..."

"त्याला काय माहीत? तो शुद्धीवर कुठे होता!"

माझे स्वार नकाशा पालथा घालत होते, आणि शत्रूचा हेर माझ्याच सोफ्यावर माझ्याच बाळाची दुपटी आवरत होता!

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारातच मी थांबले.

"आई, तुम्ही जरा पुढे जाऊन बघून या ना."

त्या गेल्या, आल्या. "काही नाही गं! सुई अगदी केसाएवढी!"

मी निर्धास्त आत गेले. त्या कोणाच्या बाजूच्या हेर आहेत, हे मला सुई दिसल्यावर आठवलं.