लेकीच्या घरचा घास

"लेकीच्या घरी फुकाचा घास खाऊ नये, बापा. आधी हात हालवावा, मंग तोंड!"

घाटंजीच्या घरी जात्यावर बसून आई हे ओवीच्या चालीत म्हणायची. आई गेली, जातंही गेलं. पण तो आवाज कमलाकररावांच्या कानात पिठासारखा झरत राहिला.

लेक शाल्मली लग्न होऊन परदेशी निघाली, तेव्हा यवतमाळचं सगळं घर रडत होतं आणि कमलाकरराव खाली बसून तिच्या बॅगेचं चाक आवळत होते! पुढं फोनवरही तेच.

"मिक्सर कसा हाय?"

"लय आवाज करते, बाबा."

"आन नळ?"

"गळते."

एवढ्यावर बोलणं संपायचं. फोन मात्र कुणीच ठेवायचं नाही.

शेवटी एकदाचा व्हिसा आला. "आता पाहाच!" कमलाकररावांनी शेजारच्या रहेमान मेकॅनिकला बजावलं. "पोरीचं घर नवंकोरं करून येतो!"

रहेमाननं पाने, पेचकस, टेस्टर असं पोतंभर सामान बांधून दिलं. "तिकडं भेटत नाही, काका. आन कोनी पुसलं तं खरं सांगजा. आपल्याले कोनाच्या बापाचं भेव?"

कमलाकररावांनी खरं सांगितलं. तिथंच घात झाला!

परदेशच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणारा अधिकारी तापल्या पत्र्यासारखा कोरडा. त्यानं फोनवर एक मराठी दुभाषी बाई जोडून दिली.

"काका, कशासाठी आलात, असं ते विचारतायत."

'लेकीले पाहाले' हे शब्द ओठांपर्यंत आले. पण परक्या माणसापुढं असलं मऊ कसं बोलायचं?

"मिक्सर दुरुस्त कराले," ते ताठ मानेनं म्हणाले. "नळही हाय."

अधिकाऱ्यानं बॅग मागवून उघडली. आतून पान्यांचं अख्खं खटलं खणखणत बाहेर पडलं!

"पैसे घेणार का?"

"लेकीकडून? राम राम! फक्त जेवणावर!"

"म्हणजे जेवणाच्या बदल्यात काम?"

"बिलकूल! फुकट खाणाऱ्यातले नाही आपण!"

"आणखी कुणाकडे करणार?"

"शेजाऱ्यानं म्हटलं तं नाही कसं म्हणता येईन, बाई?"

बाईंनी खात्री करून घेतली. "काका, हे असंच सांगू?"

"असंच! एक शब्द कमी करू नका!"

शिक्का बसला. पाहुण्याच्या व्हिसावर कामाला आलेला माणूस, सबब प्रवेश नाही! ज्या कंपनीच्या विमानानं आणलं, तिनंच परत न्यायचं. तोवर एका बंद खोलीत बसायचं. कंपनीच्या मुलीनं सँडविच आणून दिलं. आता हा घास कोणत्या कष्टाचा? कमलाकररावांनी इकडंतिकडं पाहिलं, डगमगत्या खुर्चीखाली शिरले, खिशातल्या नाण्यानं स्क्रू आवळला आणि मगच सँडविचला हात लावला. पहारेकऱ्यानं ते पाहिलं. अधिकाऱ्यानं कागदावर आणखी एक ओळ वाढवली!

शेवटी त्यांना लेकीशी फोनवर बोलू दिलं. ती भिंतीपलीकडंच, बाहेरच्या गर्दीत उभी होती.

"मले भेटाले आलो, एवढं काहून नाही म्हटलं, बाबा?"

"पण मिक्सर तं खराब होता ना?"

 पलीकडून ओला आवाज आला, "मिक्सर कधीचाच नवा आणला, बाबा. नळही ठीक हाय. पण सगळं चांगलं हाय म्हटलं असतं, तं तुम्ही माह्याशी काय बोलले असते?"

अलीकडं बाप, पलीकडं लेक;
मधल्या भिंतीले दार नाही एक.

 तेवढ्यात विमानाची वेळ झाली.

आपल्या देशात उतरल्यावरही पासपोर्ट तपासणीची खिडकी होतीच. इथल्या अधिकाऱ्यानं कागद वाचला, चष्मा वर केला. "परत पाठवलं? काका, तिकडं गेला होता तरी कशाला?"

नेमका तेव्हाच हातातला फोन वाजला. "पोचले काय, बाबा?"

"मिक्स..." सवयीनं कमलाकररावांच्या तोंडून निघालं आणि तिथंच अडकलं. आता कोणता मिक्सर! त्यांनी मान खाली घातली. "लेकीची आठवण येत होती, साहेब," ते पुटपुटले.

"काय म्हटलं, बाबा? ऐकू नाही आलं!"

"मोठ्यानं सांगा, काका," अधिकारीही म्हणाला. "इथं गोंगाट फार!"

मागची सगळी रांग कान देऊन उभी. कमलाकररावांनी फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि घाटंजीच्या बाजारात हाक मारावी तसे ओरडले,

"मले तुह्याबिगर करमत नाही वं, शालू!"