शीघ्रप्राप्ती पाउच निवड समिती

रामघाटावरच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीची तातडीची बैठक दर महिन्याप्रमाणे याही महिन्यात भरली. विषय होता एअरसॉफ्टच्या संघासाठी पाउच निवडण्याचा. एअरसॉफ्ट म्हणजे खेळण्यातल्या बंदुकीतून प्लॅस्टिकचे छर्रे मारायचे, ज्याला लागला तो बाद. आणि पाउच म्हणजे छर्र्यांची जादा मॅगझिनं ठेवायची कमरेची पिशवी. यात निवडायचं ते काय, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कधी कुठल्या समितीवर नव्हतात एवढंच सिद्ध होतं.

संघाचा कप्तान निमिष बँकेत कॅशियर होता. गेल्या वर्षी शेवटच्या फेरीत ऐन वेळी त्याचे छर्रे संपले आणि दुसरं मॅगझिन पँटच्या खिशातून ओढून काढेपर्यंत अकरा सेकंद गेले. तेवढ्यात लखनौवाल्यांनी त्याला टिपला, संघ हरला. ते अकरा सेकंद बिचाऱ्याला वर्षभर छळत होते. यंदाही समोर लखनौच होतं, आणि पुढच्या महिन्यात त्याची गोरखपूरला बदली होती. म्हणजे जे काय करायचं ते याच रविवारी.

"काका, हा बघा," निमिषनं पाउच टेबलावर ठेवला. "वरून उघडा, तोंडाला घट्ट इलॅस्टिक. हात घातला की मॅगझिन बाहेर. दोन सेकंद, बस."

अध्यक्ष दिनानाथराव रेल्वेच्या भांडार विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसला. "उघडा? अरे, छत्तीस वर्षांत मी एक खिळा उघड्यावर ठेवला नाही. पळताना पडलं तर जबाबदार कोण?"

"पडत नाही काका, मी पळून बघितलंय."

"तू पळून बघितलंस. समितीनं कुठे पळून बघितलंय?"

समितीनं पळणं शक्य नव्हतं, कारण तिच्यात गुडघे शाबूत असलेलं कुणी नव्हतं. तेव्हा पाउचला झाकण लावायचा ठराव एकमतानं मंजूर झाला. झाकण वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन बटणं आली. बटणं तुटू नयेत म्हणून वरून नाडी आली.

मग वेणीमाधव गुरुजींनी घसा साफ केला. गुरुजी वेदपाठशाळेत शिकवत. "शीघ्र हात घालायची पिशवी आपल्याकडे आहेच की! गोमुखी. जप करताना पिढ्यान् पिढ्या हात घालतोय आपण. तोच नमुना घ्या."

"वा, वा!" सगळे म्हणाले. पाउच गोमुखीच्या नमुन्यावर शिवला गेला. आता जपाला तर्जनी वर्ज्य, ती गोमुखीच्या बाहेर राहते, हे शिवणाऱ्याला पक्कं ठाऊक. त्यामुळे एक बोट बाहेर लटकलेलं आणि उरलेल्या बोटांनी मॅगझिन चिमटीत धरून उपसायचं, असा प्रकार तयार झाला. निमिष घामाघूम झाला. "गुरुजी, मी जप नाही करणार हो, गोळीबार करणार आहे!"

"मन एकाग्र ठेव, सगळं जमतं," गुरुजी म्हणाले.

शेवटी कोषाध्यक्ष विद्युल्लताकाकूंनी मुद्दा काढला की पाउच ही मंडळाची मालमत्ता आहे आणि गर्दीत कुणी हात घातला तर? मुद्दा बिनतोड होता. छोटं पितळी कुलूप लागलं. किल्ली अध्यक्षांकडे राहील आणि नोंदवहीत सही करून मिळेल, असं ठरलं. चाचणी त्याच टेबलावर झाली. कुलूप उघडून, नाडी सोडून, बटणं काढून पाउच दिनानाथरावांच्या पुढ्यात ठेवला, त्यांनी खुर्चीत बसून हात घातला आणि मॅगझिन तीन सेकंदांत बाहेर आलं. टाळ्या पडल्या. 'शीघ्रप्राप्ती प्रमाणित' असा शिक्काही पडला.

निमिषला ओरडावंसं वाटत होतं. पण मंडळाच्या पत्राशिवाय संघाला स्पर्धेत प्रवेश नव्हता. "जाऊ दे यार, पत्र तर मिळेल," असं पुटपुटत त्यानं ठरावाखाली सही ठोकली.

रविवारी सारनाथच्या वाटेवरच्या मैदानात सामना रंगला. शेवटी दोघंच उरले, निमिष आणि लखनौचा एक गडी. आणि निमिषचे छर्रे संपले.

तो सरपटत मैदानाच्या कडेच्या जाळीपाशी गेला. जाळीपलीकडे दिनानाथराव छत्री उघडून बसले होते. "काका, किल्ली! जल्दी!"

"आधी नोंद," म्हणत काकांनी जाळीखालून वही सरकवली. नाव, पद, वस्तूचं वर्णन, प्रयोजन. निमिष पालथा पडून लिहू लागला. लखनौचा गडी ओट्यामागून डोकावला, त्यानं वही पाहिली आणि बंदूक खाली केली. "आराम से लिखिए भाईसाहब, हम रुके हैं."

तो खरंच थांबला. परतफेडीची अपेक्षित वेळ या रकान्याशी निमिष अडला, तेव्हा पंचांनी शिट्टी वाजवून शेवटचं मिनिट उरल्याचं सांगितलं. "माफ़ कीजिएगा," म्हणत त्या गृहस्थानं एकच छर्रा हळूच त्याच्या पाठीवर मारला. निमिषनं हात वर केला आणि "हिट" म्हणाला. दिनानाथरावांनी वही ओढून घेतली आणि अर्ज अपूर्ण असल्यानं किल्ली देता आली नाही, असा शेरा मारला.

चौकशी रीतसर झाली. पाउच निर्दोष ठरला, तीन सेकंदांची चाचणी कागदावर होतीच. दोष खेळाडूच्या अक्षर काढण्यातल्या दिरंगाईचा निघाला. अहवाल गोरखपूरला गेला, निमिषनं दोनदा वाचला, शिव्या हासडल्या आणि 'मान्य' लिहून परत पाठवला. माणूस बँकेतला, कागद अडवून ठेवायची हिंमत कुठून आणणार?

हसून झालं असेल तर जरा उठा. तुमच्या इमारतीच्या जिन्यात आग विझवायचा लाल बंब आहे, तो कुणी पळवू नये म्हणून जाळीच्या कपाटात ठेवलाय. कुलपाची किल्ली कुणाकडे असते, ते विचारून या. आणि ते कुलूप लावायच्या ठरावाखालची दुसरी सही नीट बघा, अक्षर तुमचंच निघेल.