हात न लावणारे शिवलकर

आमच्या शिवलकरांची नोकरी प्राध्यापकांना कॉम्प्युटरवर शिकवायला शिकवण्याची, आणि कॉम्प्युटरला ते बोटही लावत नाहीत. बोलावलं की येतात, दोन्ही हात पाठीमागे बांधून खुर्चीशेजारी उभे राहतात आणि विचारतात, "आता काय दिसतंय?"

दिसतंय काय, डोंबल! पडदा कोरा, समोर ऐंशी पोरं फिदीफिदी हसतायत, आणि हा गृहस्थ मुलगी बघायला आल्यासारखा शांत. "अहो, दाबा ना ते काय असेल ते!" मी एकदा भर वर्गात ओरडले.

"मी दाबलं तर मला येईल, मॅडम. मला येतंच."

विद्यापीठात त्यांच्या खोलीवर 'अध्यापन नवोपक्रम व तंत्रज्ञान साहाय्य कक्ष' अशी पाटी आहे. ती वाचून होईपर्यंत माणूस आपलं काम विसरतो. आमच्या एका सरांनी तर त्यांना बंद पडलेला पंखा बघायला बोलावलं होतं. शिवलकर गेले, हात बांधून पंख्याखाली उभे राहिले आणि सरांनाच बटण शोधायला लावलं. पंखा चालू झाला, सर मात्र आठवडाभर बोलत नव्हते.

मिरा रोडला बेव्हर्ली पार्कात आमची सोसायटीही एकच. त्यामुळे सुटका नाही. लिफ्टमध्येही विचारतात, "मॅडम, ते फोल्डर सापडलं का?" मग शेजारची गुजराती भाभी काळजीने म्हणते, "क्या खो गया, बेन?"

मी भूगोल शिकवते. यंदा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आमची लेक्चरं घरीच रेकॉर्ड करून विद्यापीठाच्या साइटवर चढवायची ठरली. कॅमेऱ्यासमोर बसले आणि माझी वाचाच बसली. कुणी जांभई देईना, कुणी मागे वळून कुजबुजेना. बोलायचं कुणाशी? चार लेक्चरं कशीबशी केली. प्रत्येकाखाली किती जणांनी पाहिलं तो आकडा यायचा. पहिल्याला नऊ. चौथ्याला एक.

मी रडले, खोटं कशाला सांगू? आपलं शिकवणं संपलं असंच वाटलं. लवकर निवृत्तीचा अर्ज लिहिला आणि पर्समध्ये ठेवला.

शिवलकरांना सांगितलं, तर म्हणाले, "तो एक जण शेवटपर्यंत थांबलाय का, बघा." बघायचंही मीच! पण खरंच, अगदी शेवटच्या सेकंदापर्यंत थांबला होता.

"मग त्याच्याशी बोला," ते म्हणाले.

बोलले. पाचवं, सहावं, सातवं, सगळी त्याच्याशीच. जवळच हाटकेशला कुठल्यातरी कारखान्यात पाळी संपवून, डबा उघडून तो माझं ऐकतोय असं मी मनाशी धरलं होतं. हळूहळू आकडा तेरावर गेला, तरी मी बोलायची त्या एकाशी. नववं चढवलं आणि अर्ज फाडून टाकला.

मागच्या रविवारी दुपारी शिवलकरांकडे माईक आणायला गेले. दार उघडंच होतं आणि आतून माझाच आवाज येत होता, भरती-ओहोटी समजावणारा. लोणच्याच्या बरणीला टेकवलेला फोन, समोर आमटी-भात, आणि शिवलकर मान डोलवत जेवत होते.

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे तो एक जण तुम्ही होतात? फसवलंत मला?"

"फसवलं कुठे? ऐकलं ना मी." ते उष्ट्या हाताने तसेच उभे राहिले. "ही गेल्यापासून घरात कुणी बोलत नाही, मॅडम. टीव्ही लावला तर सगळे भांडतात. तुम्ही कसं समजावून सांगता. दोन घास जास्त जातात."

वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हा मी भेटून आले होते, रीत म्हणून. त्यानंतर जेवलात का, एवढंही कधी विचारलं नाही. स्वतःचीच लाज वाटली. "बसा, भात गार होतोय," एवढंच बोलले आणि माईक घेऊन घरी आले.

संध्याकाळी दहावं लेक्चर रेकॉर्ड केलं, घोडबंदरच्या खाडीवरचं. एरवी माझं बोलणं म्हणजे धावतपळत. त्या दिवशी सावकाश बोलले, मध्ये मध्ये थांबलेसुद्धा. घास नीट चावायला वेळ मिळायला हवा ना माणसाला.