दीड टनाचा धसका

"वजनाचं मला सांगू नका!" हे काटेसाहेबांचं आवडतं वाक्य. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच होतं. सिमेंटच्या गोदामाच्या फाटकाशी ट्रक तोलायचा काटा असतो ना, त्यावर त्यांची सगळी नोकरी झाली, म्हणून ते गल्लीचे काटेसाहेब. निवृत्त झाले तरी सवय जाईना. खिडकीखालून टेम्पो गेला की चहाचा कप ओठाशी थांबायचा आणि जाहीर व्हायचं, "दोन टन. गाडीसकट साडेतीन!" खोटं ठरवायची कुणाची छाती नव्हती.

ते दिवस आठवले की अजून हसू येतं. फोन हॉलमधल्या तिपाईवर एका जागी बसलेला असायचा, आणि सगळी गल्ली अंगावर ओला पंचा टाकून पंख्याखाली उन्हाळा काढायची. एसी असायचा तो बँकेत, मॅनेजरच्या केबिनमध्ये. लोक उगाच पासबुक भरून घ्यायला जायचे! अशाच एका रणरणत्या दुपारी काटेसाहेबांच्या लेकीचा फोन आला.

"बाबा, बाळाला घेऊन महिनाभर यावंसं वाटतंय. पण घामोळ्यांनी पार हैराण झालाय हो तो. तुमच्याकडे एसी नाही... मग सासरीच जाते. तिथे आहे."

काटेसाहेबांनी नातू अजून फोटोतच पाहिला होता. पहिलावहिला नातू, आणि तो व्याह्यांच्या गारव्यात लोळणार? छे!

"कोण म्हणतं नाही? लावतोय की! नियोजन, अंदाजपत्रक, सगळं माझ्यावर सोड. तू फक्त ये!"

त्यांची बायको, म्हणजे गल्लीच्या काकू, आतून म्हणाल्या, "अहो, आधी कुणाला तरी विचारा."

"विचारायचं काय त्यात? वस्तू घ्यायची, भिंतीवर टांगायची!"

संध्याकाळी स्वारी दुकानात. दुकानदाराने खोलीची लांबी-रुंदी विचारली, वरचा मजला आहे का विचारलं आणि सहज सांगून टाकलं, "तुम्हाला दीड टन लागेल."

काटेसाहेबांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "दीड... टन?"

"कमी वाटतोय? दोन टनाचाही आहे."

"नको, नको! आणि हे... भिंतीवर?"

"भिंतीवरच. पलंगाच्या डोक्याशी लावा."

"खाली माणसं झोपतात?"

"झोपतात म्हणजे? एकदा आडवी झाली की उठत नाहीत, काका!"

काटेसाहेबांच्या कपाळावर घाम आला. समोर भिंतीवर एक पांढरं खोकं टांगलेलं होतं. त्यांनी भीतभीत त्याकडे बोट दाखवलं, तर दुकानदार म्हणाला, "तो नुसता दाखवायचा आहे. आत काही नाही." झालं! शंकेला जागाच उरली नाही. खरा माल लोखंडाने ठासून भरलेला असणार. व्याह्यांचं घर तळमजल्यावर, त्यांचं काय जातंय!

आता एखाद्याने विचारलं असतं, की टन म्हणजे नक्की काय हो? पण ज्याने आयुष्यभर टन मोजले, त्याने दुकानात उभं राहून टन म्हणजे काय विचारायचं? त्यापेक्षा छत कोसळलेलं बरं! काटेसाहेब विसार देऊन घरी आले.

"किती मोठा आहे?" काकूंनी विचारलं.

"भरलेली जीप समज."

"अगंबाई! आणि ती बाळाच्या डोक्यावर?"

रात्रीच्या जेवणाआधी अंदाजपत्रक तयार झालं. पहिल्या ओळीत एसी. त्याखाली गवंडी, लोखंडी खांब, आडवी तुळई, माल वर ओढायला चेनपुली आणि खिडकी फोडून पुन्हा बांधायचा खर्च. काकूंनी चष्मा लावून बेरीज पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

"अगं, कोंबडी दीड टनाची आहे!"

गवंडी आला. भिंतीवर टिचक्या मारत म्हणाला, "काय टांगायचंय, साहेब?"

"दीड टन."

"हत्तीचं पिल्लू पाळताय काय?" तो हसला, पण काम सोडणारा नव्हता. पलंगाच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत दोन लोखंडी खांब उभे राहिले. कपाटाचं दार अर्धंच उघडू लागलं. काटेसाहेबांना सदरा काढायचा तर एक हात आत घालून चाचपून काढावा लागे, आणि बहुधा काकूंचं पोलकं हाती येई.

खालच्या मजल्यावर मास्तर राहायचे, विज्ञान शिकवणारे. खांब ठोकल्याचा आवाज ऐकून ते वर आले, वजन ऐकून खाली गेले आणि त्याच दिवशी त्यांनी आपली गादी स्वयंपाकघरात हलवली. मास्तरांनी गादी हलवली हे कळल्यावर शेजारच्या बाईंनी लोणच्याच्या बरण्या हलवल्या. बघता बघता काट्याचा नायटा झाला! जिन्यात लोक कठड्याला धरून चालू लागले.

लेकीचा पुन्हा फोन आला. "बाबा, आई म्हणते खोलीत खांब उभे केलेत?"

"सुरक्षेसाठी!"

"बाळाला खाणीत झोपवायचंय का? हे बघा, शनिवारी येते. खोली गार असली तर राहते, नाहीतर संध्याकाळच्या गाडीने सासरी."

शनिवारी सकाळी काटेसाहेबांनी गोदामातले जुने चार हमाल बोलावले. चेनपुली टांगली, रस्त्यावर दोर बांधला, "मागे व्हा, मागे व्हा!" असा पुकारा केला. गॅलऱ्या माणसांनी भरल्या. टेम्पो आला. त्यातून एक किडकिडीत माणूस उतरला, खोकं खांद्यावर घेतलं आणि शीळ घालत, दोराखालून वाकून जिना चढू लागला.

"अरे, अरे! बाकीचं कुठाय?"

"दुसरं खोकं आहे ना. तेही आणतो."

काटेसाहेबांनी खोक्याकडे पाहिलं. आयुष्यभराची नजर ती, फसणार कशी? "बारा किलो," त्यांच्या तोंडून निघून गेलं. हमालांनी चेनपुलीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि चौघेही रस्त्यातच बसले. पोट धरून हसण्याचा आवाज शेवटच्या घरापर्यंत गेला.

तेवढ्यात मास्तर पुढे सरसावले. "साधी गोष्ट आहे! हा टन वजनाचा नव्हेच. एक टन बर्फ दिवसभरात वितळताना जेवढा गारवा देतो, तेवढा गारवा म्हणजे एक टन."

"मग तुम्ही स्वयंपाकघरात का झोपत होतात?"

"ती खबरदारी," मास्तर म्हणाले आणि गादी जागेवर न्यायला गेले.

काटेसाहेबांचं तोंड एवढंसं झालं. पण म्हणाले, हसा लेको, नातू येतोय! एसी भिंतीवर चढला. दुपारी रिक्षा दारात थांबली, लेक उतरली, आणि घामाने निथळलेलं ते लालबुंद बाळ तिच्या कडेवरून, खांबांमधून वाट काढत पलंगावर आलं. काटेसाहेबांनी ऐटीत बटण दाबलं.

फट्! एसी बंद, पंखा बंद, खाली मास्तरांचा रेडिओसुद्धा बंद. वायरमन आला, फ्यूज बांधला, पंखा फिरवून दिला आणि म्हणाला, "जुनी वायर आहे, काका. मीटरचा लोड वाढवून घ्या. अर्ज करा, बघू पुढच्या महिन्यात. वायरिंगचा खर्च धरला नव्हता का?"

अंदाजपत्रकात सगळं होतं. हत्ती टांगता आला असता. वीज तेवढी नव्हती.

बाळ रडायला लागलं. लेकीने न उघडलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. काटेसाहेबांनी टोपी घातली आणि भर उन्हात सायकल काढली. ते बर्फाच्या कारखान्यातून परतले तेव्हा कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी होती आणि रस्ताभर ओली रेघ. कपड्यांचा टब, त्यात लादी, मागे टेबलफॅन. खोलीत हळूहळू गार वारा सुटला, ओल्या गोणपाटाच्या वासाचा.

लेक दाराशी थांबली. "आई, हा वास... मला ओळखीचा का वाटतोय गं?"

"वाटणारच," काकू म्हणाल्या. "तू एवढीशी होतीस ना, तुलाही अशीच घामोळी. सगळा उन्हाळा हे रोज दुपारी जेवायच्या सुट्टीत लादी पोचवायचे आणि उपाशीच कामावर परत जायचे. कधी बोलले नाहीत." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. काटेसाहेब पंख्याची मान उगीचच इकडेतिकडे करत राहिले.

बाळ झोपलं होतं. लेक हॉलमध्ये गेली आणि तिने सासरी फोन लावला. "नाही, येत नाही मी. महिनाभर इथेच. हो, छान गार आहे... हो, बाबांनीच केलं."

परत आली ती हसत. "काय बाबा, हा एसी किती टनाचा?"

काटेसाहेबांनी टबात डोकावून पाहिलं.

"कारखान्यातून निघाला तेव्हा वीस किलो होता," ते म्हणाले. "आता विचारू नकोस!"