दत्ताभाऊंच्या टाळूवरची लागवड

आमचे शेजारी दत्ताभाऊ नागवेकर गेल्या दसऱ्यानंतर पंधरवडाभर डोक्यावर रोवळी घालून हिंडत होते. रोवळी म्हणजे तांदूळ धुवायची, बांबूच्या कामट्यांची, आमच्या रत्नागिरीकडे घराघरांत असते ती. ती पालथी घालायची, हनुवटीखाली नाडीने बांधायची आणि सकाळी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची. "काय, बाजारात काय?" हे ते इतकं सहज विचारत, की समोरच्यालाच आपलं डोकं उघडं असल्याची लाज वाटावी.

"दत्ताभाऊ, हे काय?" मी पहिल्या दिवशी न राहवून विचारलं.

"वारा लागाया हवा, पण काय घासता नये," ते म्हणाले. "टोपी घासते. कोंबडीनं उकरू नये म्हणून नव्या रोपावर आपण काय घालतो, मास्तर? टोपलीच ना? मग झालं तर."

मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. माती, पाऊस आणि पिकं हा माझाच विषय. पण माणसाच्या टाळूवर काय पिकतं याबद्दल पुस्तकात काही नसल्यामुळे मी शाळेची वाट धरली. माझ्या स्वतःच्या टाळूबद्दलही मी इथे काही बोलणार नाही.

झालं होतं असं, की साठी उलटल्यावर दत्ताभाऊंनी कोल्हापूरला जाऊन डोक्यावर केस लावून घेतले होते. बायकोला सांगितलं, भाच्याकडे जाऊन येतो. परत आले ते एसटीत पुढच्या सीटवर ताठ बसून, आख्ख्या आंबा घाटात कुठेही डोकं न टेकता, पाटावरचा गणपती सांभाळावा तसं स्वतःचं डोकं सांभाळत. मालनवहिनींनी दार उघडलं, सुजलेलं डोकं पाहिलं आणि "अगो बाय, कुठं पडलात?" म्हणून मटकन खाली बसल्या.

उभा जन्म दत्ताभाऊंनी हापूसची कलमं बांधण्यात घालवलेला. डॉक्टरने समजावून सांगितलं, की मानेवरचे केस मुळासकट काढायचे आणि पुढे ओसाड जागेत लावायचे. दत्ताभाऊंना ते फारच बाळबोध वाटलं. "मला शिकवतो मेला! मी त्याला तीनच गोष्टी विचारल्या. पाणी किती, ऊन किती नि पालवी कधी? वहीच उघडून बघाया लागला."

पाणी म्हणाल, तर औषधी पाण्याची एक छोटी बाटली होती. ती डोक्यावर उडवायची वेळ झाली की गडग्यापलीकडून हाक यायची, "मालन, फवारणी!" आंघोळ हा तर सोहळाच. दत्ताभाऊ पाटावर मान पुढे करून बसायचे आणि वहिनींनी तांब्यातून धार धरायची. "ओत गो. ओत, पण पडता नये!" आतून वहिनींचा आवाज यायचा, "पाणी ओतायचं नि पडू द्यायचं नाय, हे सासूनंसुद्धा सांगितलं नव्हतंन कधी!" झोपायचं तेही आरामखुर्चीत, पाठीला लोड लावून, बसल्या बसल्या. आमच्याकडे चहाला आले की आधी पंखा बंद करायला लावायचे. जन्मभर कानशिलांवरून ओघळेपर्यंत खोबरेल चोपडलेला माणूस, पण डॉक्टर नको म्हणाला तर तेलाची बाटलीसुद्धा त्यांनी वहिनींना लपवून ठेवायला सांगितली.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "मूळ धरू दे." आळीत नवी सून आली, शाळेत नवे हेडमास्तर आले, रस्त्यावर नवं डांबर पडलं, काहीही असो, दत्ताभाऊंचं मत विचारलं की उत्तर एकच. "मूळ धरू दे, मग बोलू." डांबराने काही अजून मूळ धरलेलं नाही.

या सगळ्यामागचं कारण मला कळलं ते गाऱ्हाण्याच्या दिवशी. त्यांच्या बागेच्या कोपऱ्यात एका जांभ्या दगडाखाली जागेचा राखणदार देव आहे. नवी लागवड केली की त्याला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, ही आमच्याकडची रीत. दत्ताभाऊंनी टाळूवरच्या लागवडीसाठीही नारळ आणला. "होय म्हाराजा" म्हणायला माणूस पाहिजे, म्हणून मला नेलं. रोवळी काढून, हात जोडून, त्यांनी खणखणीत सूर लावला.

"बा देवा म्हाराजा, जागेच्या राखणदारा! तुज्या लेकरानं डोस्क्यावर नवीन लागवड केल्लान हाय..."

"होय म्हाराजा!"

"तिच्यावर करपा येत असंल, तुडतुडा येत असंल, कोनाची वाकडी नजर असंल, ती बांधाच्या भायेर टाक रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" मी ओठ चावून हसू दाबत होतो.

"नि माजा सुधा मे म्हयन्यात गाव सोडून चाल्लाय. तो जायच्या आदी येक डाव त्याच्या कात्रीला पुरंल येवडा पीक दे, म्हाराजा."

इथे मी "होय म्हाराजा" म्हणायचं विसरलो. मागे उभ्या वहिनींनी म्हटलं.

सुधा म्हणजे सुधाकर. बाजाराच्या टोकाला त्याचं केशकर्तनालय. लाकडी खुर्ची, कडेने काळा पडलेला आरसा, तुरटीचा खडा आणि कायम सुरू असलेला रेडिओ. दोघे पहिलीपासून एका बाकावर. वडिलांनी सुधाकरच्या हातात पहिल्यांदा कात्री दिली, तेव्हा समोर बसायला दुसरं कोण तयार होणार? दत्ताभाऊंचं डोकं पुढे आलं. त्या दिवशी डोक्यावर भातखाचरांसारख्या पायऱ्या पडल्या आणि दत्ताभाऊ कितीतरी दिवस शाळेत टोपी घालून गेले. पण दुसऱ्या महिन्याला परत त्याच खुर्चीत जाऊन बसले. पुढे सुधाकरचा हात बसला आणि त्याने दत्ताभाऊंना कपाळावर केसांचा असा कोंबडा काढून दिला, की भाट्याच्या समुद्राकाठी पुळणीवर कितीही वारा सुटला तरी तो हलत नसे, असं वहिनीच सांगतात. लग्नाला त्यांनी होकार दिला तो त्या कोंबड्याकडे बघून. "फसवलंन मेल्यांनी दोघांनी मिळून," असंही त्या पुढे म्हणतात.

कारण चाळिशीच्या आतच कोंबडा उडाला. राहिली कानांमागून मानेपर्यंत एक झालर. ती कापायला पाच मिनिटं पुरेत. पण दत्ताभाऊंचा रविवार चुकला नाही आणि सुधाकरने त्यांना पाच मिनिटांत कधी उठवलं नाही. मी हे डोळ्यांनी बघितलंय. पांढरं कापड झटकून गळ्याशी बांधायचं, पाण्याचा फवारा मारायचा आणि "कानावर किती ठेवू?" असं विचारायचं. दत्ताभाऊ गंभीरपणे म्हणणार, "नेहमीसारखे." मग सुधाकर त्या तुळतुळीत टाळूच्या वर चार बोटं अंतर राखून अर्धा तास हवेत कात्री चालवायचा. चक्‌ चक्‌ चक्‌. मध्येच कंगवा फिरवायचा, मागे होऊन डावी-उजवी बाजू ताडून बघायचा. रेडिओ चालू, गप्पा चालू, दत्ताभाऊंचे डोळे मिटलेले. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फस्सकन हसू आलं. दोघांनीही आरशातून माझ्याकडे असं बघितलं, की पुढे माझा नंबर येईपर्यंत मी वर्तमानपत्रातून तोंड बाहेर काढलं नाही.

आता सुधाकरची बायको गेलेली, गुडघे बोलायला लागलेले. मुलगा विरारला नोकरीला. मे महिन्यात दुकान बंद करून वडिलांना घेऊन जायचं त्याने ठरवलं. हे सांगताना सुधाकर म्हणाला होता, "दत्ता, कितीजणांची डोकी केली, पण तुझा कोंबडा आजून माज्या बोटांत हाय बघ." चार दिवसांनी दत्ताभाऊ कोल्हापूरच्या एसटीत बसले.

केस लावलेत हे सगळ्या आळीला दिसत होतं, पण ते कशासाठी, हे सुधाकरला मात्र त्यांनी सांगितलं नाही. ऐन वेळी भरलेलं डोकं पुढे करायचं, असा बेत. त्यात नवीन केस धरेपर्यंत कात्री लावायची नव्हती, म्हणून रविवारी दुकानात जायचे ते बाकावर बसायचे. खुर्चीत बसायला तयार नाहीत. पहिल्या रविवारी सुधाकर हसला. तिसऱ्याला त्याचं तोंड उतरलं. "काय रे, केस नव्हते तेव्हा बसत होतास, आता केस लावून आलास तर माजी खुर्ची टोचते? कोल्हापूरच्या सलूनात कापणार काय आता?" दत्ताभाऊ म्हणाले, "मूळ धरू दे." सुधाकरने रेडिओ मोठा केला.

तशात महिन्याभराने लावलेले केस गळायला लागले. उशीवर, खांद्यावर, चहात. मालनवहिनी घाबरून माझ्याकडे आल्या. मी गेलो, तर दत्ताभाऊ ओटीवर शांत बसलेले. "पानगळ हाय ही. हलवलेलं रोप आधी पानं टाकतं. मूळ खाली जिवंत असतं." डॉक्टरनेही तसंच सांगितलेलं. पण तुळशीचं लग्न झालं, नाताळ आला, तरी टाळू कातळासारखी कोरडीच. जगाला धीर देणारे दत्ताभाऊ रोज दुपारी ओटीवर बसून वहिनींकडून टाळू चाचपून घ्यायचे. "काय लागतंय?" "काय नाय." "नीट बघ गो." "हात फिरवायला नको म्हणालात, नि वर नीट बघ!"

संक्रांतीच्या सुमारास पालवी फुटली. बारीक, लव असावी तशी. दत्ताभाऊंनी मला गडग्यावरून ओढून घेतलं आणि उन्हात डोकं तिरकं करून दाखवलं. मी चष्मा पुसून बघितलं, आणि खरंच होतं. मला स्वतःला इतका आनंद का झाला, ते मला सांगता येणार नाही.

पण त्याच आठवड्यात विरारहून निरोप आला. मे महिन्यात मुलाला रजा नाही. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी नाचवायला येईल, तेव्हाच वडिलांना घेऊन जाईल.

त्यानंतर दत्ताभाऊंनी जे केलं, ते फक्त बागायतदारच करू शकतो. मोहोर लवकर यावा म्हणून जुनी माणसं आंब्याखाली पालापाचोळ्याची धुरी करायची. दत्ताभाऊंनी परसात पाला पेटवला आणि धुरावर डोकं धरून बसले. मी ठसक्याचा आवाज ऐकून धावलो. डोळे लाल, नाकातून पाणी, डावी भुवई जळून अर्धी झालेली. मालनवहिनींनी कळशीभर पाणी सरळ त्यांच्या डोक्यावर ओतलं, आणि या खेपेला ते पडलं. "होतं ते तरी राहू द्या!" त्या ओरडल्या. दत्ताभाऊ निथळत उभे होते. म्हणाले, "शिमगा जवळ आला गो." त्यांचा चेहरा बघून वहिनींनी कळशी खाली ठेवली आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं.

शिमग्यापर्यंत केस दोन बोटं वाढले. ते कोवळे आहेत तोवरच वळण लावायचं, म्हणून दत्ताभाऊ रुंद दातांच्या कंगव्याने, ओल्या हाताने त्यांना तासन्‌तास मागे वळवत बसायचे. कोंबडा म्हणावा असं काही झालं नाही. फार तर पिल्लू म्हणता आलं असतं.

शेवटच्या रविवारी ते मला म्हणाले, "मास्तर, चला. येकट्यानं जाववत नाय." दुकानातलं सामान बांधून झालं होतं. रेडिओ खोक्यात गेला होता. सुधाकर आमच्याकडे न बघता म्हणाला, "बाकावर जागा नाय. बाक विकला." दत्ताभाऊ खुर्चीत जाऊन बसले.

"तू जायच्या आदी तुज्या हातून कापून घ्यायचे होते," ते म्हणाले. "म्हणून लावले."

सुधाकर वळला. मग त्याने बांधलेलं गाठोडं सोडलं, पांढरं कापड काढलं, झटकलं, गळ्याशी बांधलं. पाण्याचा फवारा मारला. केसांतून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली.

"कानावर किती ठेवू?"

"नेहमीसारखे."

कात्री सुरू झाली. चक्‌ चक्‌ चक्‌. बराच वेळ झाला तरी कापडावर एक केस पडेना. मी वाकून बघितलं. सुधाकर नेहमीच्याच सवयीने चार बोटं वर हवा कापत होता. एवढ्या मायेने वाढवलेल्या केसांना कात्री लावायला त्याचा हात धजत नव्हता.

"सुधा," मिटल्या डोळ्यांनी दत्ताभाऊ म्हणाले, "हवा बस झाली रे."

कात्री थांबली. "म्हंजे... तुला ठावक होता?"

"पयल्या रविवारपासून. मेल्या, केसाचा आवाज येगळा येतो."

सुधाकरने मनगटाने डोळे पुसले. मग खरंच वेगळा, दाट आवाज आला आणि पांढऱ्या कापडावर पहिली काळी-करडी बट पडली. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

पालखी झाली आणि सुधाकर गेला. एसटी स्टँडवरून परतताना मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "रमतील हो विरारला. मूळ धरू दे." दत्ताभाऊंनी मान हलवली. "जुनं झाड हलवत नाय, मास्तर आपण."

आता श्रावण चालू आहे. दत्ताभाऊंचं पीक मात्र असं काही माजलंय, की कान झाकलेत, मागून कॉलर झाकलीय. दुकानाच्या जागी मोबाईलवाला आलाय. बाजारात दुसरी चांगली सलूनं आहेत, पण दत्ताभाऊ एकाचीही पायरी चढत नाहीत. कामाला वाकले की केस डोळ्यांवर येतात, म्हणून मालनवहिनींचा लाल रबर लावून ते बागेत फिरतात. आळीतली पोरं त्यांना 'बुवा' म्हणतात.

परवा मी गडग्यावरून म्हटलंच, "दत्ताभाऊ, आता तरी कापून या की. जंगल झालंय."

त्यांनी रबर घट्ट केला. "गणपतीला सुधा येतोय घरी. तेव्हा त्याला कापायला काय तरी पायजे ना डोक्यावर."