क डब्यातला लाडू

अ, ब, क अशा चिठ्ठ्या लावलेल्या तीन डब्यांपैकी क डब्यातला लाडू रेणुकाने तोंडात टाकला आणि तिचं तोंड कडू जहर झालं. मेथी दुप्पट पडली होती. मिश्रण मळताना तिची तान्ही ओवी पाळण्यात रडत होती, त्या गडबडीत एकच वाटी दोनदा ओतली गेली असणार.

चूक झाली याचं तिला एवढं काही वाटलं नाही. घाबरली ती समोरचा फॉर्मचा गठ्ठा बघून. बजाजनगरातल्या तिच्या गल्लीतल्या वीसच्या वीस बायकांनी काल हेच लाडू खाऊन फॉर्म भरले होते आणि सगळ्यांनी क लाडवाला नऊपैकी नऊ गुण दिले होते! बाळंतिणीच्या लाडवात मेथी किती चालते, यावर तिचा प्रबंध होता. सोमवारी आकडे दिले नाहीत, तर सगळं सहा महिने पुढे.

"तुला कोण विचारतंय? आवडले म्हणून लिही," नवरा रामकिसन म्हणाला.

"संशोधनाच्या नीतिमत्तेच्या पेपरात ब्याण्णव मिळालेत मला!"

"मग परत खाऊ घाल. पण तू केलेत म्हणून सांगू नको. घरी बोलावून खाऊ घातलेल्याला नाव ठेवतं का कोणी? दुकानातले म्हण."

हे मात्र तिला पटलं. रविवारी दुपारी बायका जमल्या. "बाजारातले आहेत," रेणुका म्हणाली आणि काय सांगावं, एकेकीची जीभ सैल सुटली.

"अय माय! ह्यो लाडू हाय का औषध?" द्वारकाबाई.

"अल्ला, ये तो सजा है," वहिदाभाभींनी पदराआड तोंड पुसलं. "दुकान का नाव बोल, उधर जानाच नहीं."

"बनवनारीला आईनं काय शिकिवलंच नाय वाटतं," मनकर्णाबाईंनी भर घातली.

रेणुकाचे कान तापले, पण मनातून ती खूश होती. गुण बघा : एक, दोन, शून्य! शून्य तर फॉर्मवर छापलेलंही नव्हतं; मनकर्णाबाईंनी ते पेनाने नवीन काढलं होतं.

फॉर्म गोळा करताना तिची नजर तळाच्या ओळीवर गेली. 'सहभागींना खोटी माहिती दिलेली नाही.' खाली सही तिचीच. ब्याण्णव गुण मिळवून शेवटी खोटं बोललीच की ती!

"थांबा जरा," ती म्हणाली. "लाडू बाजारातले नाहीत. मीच केलेत. क मध्ये मेथी जास्त पडली, ती चूकही माझीच. मी खोटं बोलले. ज्यांना फॉर्म परत हवा त्यांनी घ्या, तुमचा हक्क आहे तो."

वीस हात एकदम पुढे आले.

"माझा दे गं, चष्मा नव्हता मला!"

"मेरेकू सर्दी है बेटा, स्वाद समझाच नहीं."

सगळा गठ्ठा चालला. रेणुकाने तो पुढे केला. द्वारकाबाईंनी आपला फॉर्म उचलला, वाचला, आणि पुन्हा गठ्ठ्यावर आपटला.

"ऱ्हाऊ दे माझा. पोरगी लई गुणाची हाय, पर लाडू कडूच हाय. बाळंतिणीनं खाल्ला तर लेकरू दूध पिनार नाय."

एक हसली, मग दुसरी. बाकीचे एकोणीस फॉर्मही परत गठ्ठ्यावर आले. मनकर्णाबाईंनी तेवढं शून्य खोडून एक केलं. आईचं नाव काढायला नको होतं म्हणाल्या.

सोमवारी तिच्या मार्गदर्शक पाथ्रीकर मॅडमनी अहवाल चाळला. "आधीचे नऊ गुण, मेथीची चूक, तुझं खोटं, सगळंच लिहिलंस?"

"हो मॅडम. आणि खरं सांगितल्यावर बायकांनी पुन्हा संमती दिली, तेही."

"हेच तर शिकवत असते मी. दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटा आकडा द्यायचा नाही," मॅडम समाधानाने म्हणाल्या. रेणुकाने सोबत आणलेला क डबा त्यांनी स्वतःच उघडला आणि एक लाडू तोंडात टाकला. जबडा हलायचा थांबला. डोळे मिटले. घोटभर पाणी पिऊन त्या हसल्या.

"छान झालाय गं."

रेणुकाने एक कोरा फॉर्म काढला आणि पेनाचं टोपण उघडून त्यांच्यासमोर ठेवला.